गळ्यात अडकलेली राधा

१० जानेवारी १९७९, पोलादपूर
महाडच्या मुलीकडून नकार. निरोप घेऊन मामा शाळेतच आले. व्हरांड्यात उभे राहून असे कुजबुजत होते, जसा काही मी खून करून बसलोय. मुलगा मास्तर, घर बरं, सगळं पसंत. "पन तोंड उघडलं की आतनं बाई बोलते, म्हनाले." झालं. हेही गेलं.
"दासगावला एक स्थळ हाय. शिमग्याच्या आधी जाऊ. तितं तू गप बसायचं, निस्ती मान हलवायची. बोलायचं काम माजं."
आणि लग्न झाल्यावर? बायकोशीही मामाच बोलणार काय?
म्हणून हे लिहिणं बरं. वहीला ऐकू येत नाही.

१९ जानेवारी
पोस्टात ट्रंककॉल लावला, पुस्तकं आली का विचारायला. ऑपरेटर म्हणते, "बाई, जरा मोठ्यानं बोला." मोठ्यानं बोललो तर आणखीच बाई. खिडकीपुढची रांग खदखदा हसली. फोन ठेवून आलो. पुस्तकं गेली खड्ड्यात.
संध्याकाळी हेडगुरुजींनी थांबवलं. "यशवंत, महाडला गुरुवारी घशाचे डॉक्टर येतात. दाखवून ये."
"दुखत तर काही नाही, गुरुजी."
"मग आठवडाभर मुलांशी फळ्यावर लिहून का बोलतोयस?"
काय सांगू? घशाची भीती नाही. डॉक्टर म्हणाले की तू पुरा पुरुषच नाहीस, तर...

१ फेब्रुवारी, महाडहून परत
देवा, देवा. नीट क्रमाने लिहितो.
जीभ रुमालाने धरून बाहेर ओढली, आरसा आत. "ईऽ म्हण." ओकारीच आली. डॉक्टरांनी आरसा पुसून ठेवला. मी डोळे मिटून बसलो, म्हटलं आता सांगतील.
"बिघाड काही नाही. स्वरयंत्र पुऱ्या बाप्याचं आहे. तू ते वापरतच नाहीस."
कागदावर चित्र काढून दाखवलं. छातीतली हवा वर येते, घशातल्या दोन पट्ट्या थरथरतात, तो आवाज. वयात येताना मुलग्याच्या पट्ट्या लांब नि जाड होतात, आवाज फुटतो, खाली उतरतो. "तुझा उतरला नाही, कारण तू त्या ताणून धरल्यास. त्या वयात काय करत होतास?"
सांगितलं. शिमग्याला वाडीत नमनाचे खेळ व्हायचे, त्यात मी राधा व्हायचो. साडी नेसून गवळण म्हणायचो, पलीकडच्या वाड्यांतून माणसं ऐकायला यायची. आवाज चिरकायला लागला तेव्हा आमचे म्होरके म्हणाले, "येवडा शिमगा सांबाळ रे. दुसरी राधा नाय आपल्याकडं." सांभाळला. पुढचाही सांभाळला. मग खाली कसं यायचं तेच विसरलो.
डॉक्टर हसले नाहीत. अंगठ्याने माझा कंठमणी खाली दाबला. "खोक. आता तोच खोकला लांबव. आऽऽ."
खोलीत कोणीतरी बोललं. मी मागे वळून बघितलं. मागे भिंत.
"तूच तो," डॉक्टर म्हणाले. "औषध नाही, ऑपरेशन नाही. याच आवाजात रोज मोठ्यानं वाचायचं. राधेला आता सुट्टी."
स्टँडवर येऊन रडलो. मग टपरीवर म्हटलं, "एक चहा." त्याने दिला. मान वर करून बघितलंसुद्धा नाही! कुणी न बघण्यात इतकं सुख असतं हे मला ठाऊकच नव्हतं.

९ फेब्रुवारी
रोज सकाळी आंबेनळीच्या रस्त्याने चालत जातो आणि तिसरीचं पुस्तक मोठ्यानं वाचतो. जा.आ. (जाड आवाज) टिकतो. घाई केली की बा.आ., म्हणजे आपला जुना बारीक, उडी मारून वर. अंगठा लावला की गुमान खाली.
आज वर्गात पहिल्यांदा जा.आ. "पाढे म्हणा." सगळी माना वर करून बघायला लागली. मग पुढे बसणारी शेवंता, "गुरुजी, सर्दी झाली?" म्हटलं, हो. दुपारी तिच्या आईने डबा भरून काढा पाठवला. प्यायलो सगळा.

२५ फेब्रुवारी, दासगावहून
मामांना मुद्दामच काही सांगितलं नव्हतं. ते वाटभर बजावत होते. "गप. निस्ती मान."
पोहे आले, मुलगी आली. नाव सुमन. तिच्या वडिलांनी विचारलं, "काय मास्तर, शाळा कशी हाय?" मामा घास गिळेपर्यंत मी बोललो, "चांगली आहे. पट वाढतोय." मामांना असा ठसका लागला की पाणी काय, पाठ चोळणं काय! मग मी सुटलोच. पाऊसपाणी, शाळेचं छप्पर, जे सुचेल ते.
आणि घात झाला. सुमनला विचारलं, "तुमचं शिक्षण किती?" तर 'किती' सरळ आढ्याला. बा.आ.! मेलो.
तिने पहिल्यांदा वर बघितलं. "सातवी," म्हणाली. मग हळूच, "दोन आवाज हायत तुमचे?"
"गो सुमे!" तिची आई ओरडली.
मी खरं ते सांगून टाकलं. राधेसकट. मामांनी डोळे मिटून घेतले. सुमन हसली. हसणारे जन्मभर बघितलेत, पण हे हसणं मला टोचलं नाही. शिमग्यानंतर कळवतो म्हणाले.
येताना मामा, "येवडा बाप्यासारका आवाज आला, नि त्यात सांगितलंस काय, तर साडी नेसायचो!"

३ मार्च, वाडी
संक्रांतीनंतर आज घरी. आईला यातलं काही माहीत नव्हतं. आमच्याकडे खिंडीत आलं की हाळी द्यायची, "आलो होऽऽ". घरातून ओ येते, चुलीवर चहा चढतो. बाबा शिमग्याला मुंबईहून यायचे तेव्हा इथूनच द्यायचे. ते गेले तेव्हा मी पाचवीत होतो.
दिली हाळी. ओ नाही. पुन्हा दिली. नाही. धावत उतरलो.
आई अंगणात उभी, फुंकणी हातात तशीच. "तू हायस?" म्हणाली. मग माझ्या मागे वाटेकडे बघत राहिली. "संगती कोन हाय?"
"कोणी नाही, आये. मीच दिली."
सगळं सांगितलं. ती खालीच बसली. "मला वाटलं..." म्हणाली आणि फुंकणी खाली ठेवली. मी घाबरलो. म्हटलं, तुला सोसत नसेल तर घरात जुन्या आवाजातच बोलेन.
"गप रे मेल्या." पदराने डोळे पुसले. "जा, वर जा. परत दे."
पुन्हा चढलो. "आलो होऽऽ."
खालून ओ आली. लांबलचक, शेवटी वर उचललेली. मला अशी कधी देत नसे. बाबांना द्यायची.
खिंडीतच बसलो जरा. खूप बरं वाटत होतं आणि रडूही येत होतं. घरी पोचलो तोवर चहा उकळून कडू झाला होता. दोघांनी तोच प्यायला. दासगावचं अजून काही कळलेलं नाही.