म्हैसमाळला जाणारी जोडीची गाडी

अण्णा, तुमची लेक आता म्हैसमाळचा घाट चालवते. गाडी माझी स्वतःची आहे, टुरिस्ट परमिट माझ्या नावावर आहे, आणि खुलताबादच्या स्टँडवर तुमच्यासोबत चहा पिणारे जे दोघं-तिघं अजून हयात आहेत, ते मला बघितलं की एकमेकांना कोपर मारून सांगतात, अण्णाची पोरगी चालली. एवढं ऐकायला मिळावं म्हणून मी तिथं मुद्दाम गाडी हळू करते. तुम्ही बाजरीच्या मोकळ्या रानात मला जीप शिकवत होता, तेव्हा सगळं गाव बांधावर उभं राहून हसत होतं. आता त्याच गावातली माणसं सीट राखून ठेव म्हणून फोन करतात.

तुमच्या जीपमध्ये जास्त करून जोडपीच असायची. कुणी नवीन लग्न झालेली, नखांवरची हळद न गेलेली; कुणी कॉलेजातली, एक पुढं अन् एक मागं बसून ओळख नसल्याचं सोंग करणारी. तुम्ही कुणालाच काही विचारायचा नाहीत. मी नववीत असेन, उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमच्या शेजारी बसून येतेय. मागं एका पोरीनं नवऱ्याचा हात धरलाय, ते मला आरशात दिसतं आणि फस्सकन हसू येतं. तुम्ही वर पोचेपर्यंत गाडी चालवत राहता. ती दोघं उतरून कड्याकडं गेल्यावर मग म्हणता, "हसायला काय झालं? हात धरलाय, खिसा नाय कापला कुणाचा." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. जेवणाची वेळ टळली तरी मी डबा उघडला नाही, शेवटी तुम्हीच भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातात दिलात.

मीही जोडपीच नेते, पण कॉलेजातली पोरं नाही. त्यांच्याकडं मोटरसायकली आहेत, त्यांना माझी गरज नाही. मी नेते ती पन्नाशी-साठीतली, फुलंब्रीच्या आसपासच्या खेड्यांतली. ह्यांची लेकरं झाली, नातवंडं झाली, पण नवरा-बायको दोघंच असे कुठं गेलेच नाहीत. गेली ती भरल्या जीपमध्ये देवाला, नाहीतर कुणाच्या मयतीला. माझी नणंद म्हणाली, म्हाताऱ्यांचा हनिमून काढतीस का गं? मी म्हटलं, व्हय, काढते, तुझं बी नाव लिहू का?

तोंड वर करून बोलले खरी, पण पहिल्या फेरीत माझी पार फजिती झाली. गाडी उभी केली की सगळे पुरुष पुढं आणि सगळ्या बाया मागं, जणू लग्नाचा मांडवच. दोघांनी तर लोकं काय म्हणतील म्हणून नातू सोबत आणले होते. वर पोचल्यावर पुरुष एका झाडाखाली तंबाखू मळत बसले, बायांनी दुसऱ्या झाडाखाली फडकी पसरली, आणि नवऱ्यांना वाढून आल्यावर सुनांची गाऱ्हाणी सुरू केली. सूर्य खाली जायला लागला, समोर एवढी मोठी दरी सोनेरी झाली, आणि एकाही जोडीनं एकमेकांकडं मान वळवून बघितलं नाही. एका बाबांना मी म्हटलं, जरा काकूंजवळ बसा की. ते असे बघायला लागले, जसं मी त्यांना कपडे काढायला सांगितलं.

घरी येऊन मी मायजवळ रडले. ती आता माझ्याकडंच असते, तुमच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या संभाजीनगरात. परातीत पीठ मळत तिनं सगळं ऐकून घेतलं आणि हसायला लागली. म्हणाली, "अगं येडे, फिरायला चला म्हटल्यावर कोण येईल? माणसाला बहाणा लागतो. तुझ्या बापाला विचारायचं होतंस."

आणि मग तिनं मला तुमच्या ब्रेकचं सांगितलं. अण्णा, आमचं सगळं लहानपण आपल्या जीपचे ब्रेक बिघडलेले असायचे. आजी म्हणायची, ह्या गाडीला कुणाची तरी नजर लागलीय. मलाही शाळेत लाज वाटायची, बाकीच्यांच्या गाड्या धड आणि आपलीच कशी रोगट. ते ब्रेक कधी बिघडलेच नव्हते म्हणे. आजीच्या राज्यात बायकोला घेऊन फिरायला जातो म्हणायची तुमची टाप नव्हती, म्हणून तुम्ही म्हणायचा, ब्रेकचं काम केलंय, घाटात ट्रायल घ्यावी लागती, गाडीत वजनाला कुणीतरी पाहिजे. आणि आजी स्वतःच मायला म्हणायची, जा गं, तू जा, तू बी काय कमी वजनाची नाहीस. वर जाऊन तुम्ही दोघं एका दगडावर बसायचा, शेंगा खायचा, आणि तुम्ही तिला खालचं एकेक गाव बोटानं दाखवायचा. एवढंच. हे सांगताना मायचा चेहरा लाल झाला होता, सत्तरीतल्या बाईचा. मला तुमचा इतका अभिमान वाटला अण्णा, की त्या रात्री मी नवऱ्याला उठवून ही गोष्ट सांगितली.

दुसऱ्या फेरीपासून मी तुमचीच विद्या वापरते. गाडीवर पाटी लावते म्हैसमाळच्या गिरिजादेवीच्या दर्शनाची, म्हणजे घरून निघताना कुणी अडवत नाही. दर्शन झालं की कड्याजवळ गाडी थांबवते, बॉनेट उघडते आणि तोंड पाडून सांगते, काम निघालंय, तासभर तरी लागेल. डबा मात्र दोघांत एकच देते. डबा एक म्हटल्यावर कुठंतरी जवळ बसावंच लागतं, आणि गाडीच बिघडली म्हटल्यावर कुणाचाच इलाज नसतो. मग हळूहळू ते एकमेकांशी बोलायला लागतात. मी तिकडं बघत नाही, इंजिनात डोकं घालून उभी राहते, पण कानावर येतं. एकदा एक काका काकूंना म्हणत होते, तुझे केस कधी पिकले गं एवढे?

पण मायला काही नेता येईना. किती वेळा म्हटलं तिला, चल एकदा, तुमची ती जागा दाखव मला. ती म्हणायची, जोडीच्या गाडीत मी कुठं बसू? माझी जोडी कुठंय आता? तुम्ही गेल्यापासून ती त्या रस्त्यालाच गेली नव्हती. सगळ्या तालुक्याच्या आयांना मी वर नेत होते आणि माझीच माय खाली होती, ते मला लई खुपत होतं.

मग मागच्या थंडीत एक धनगर जोडपं आलं. बाबांची हयात त्याच माळावर मेंढरं चारण्यात गेलेली, आणि बाईनं तो माळ कधी बघितलेला नाही. परतताना ती दोघं पाणी प्यायला घरी थांबली. बाई मायजवळ टेकली आणि म्हणाली, हे रोज कुठं जात होते ते आज कळलं मला. मग तिनं सहज विचारलं, तुम्ही गेलत्या का कधी, तुमच्या मालकासोबत? माय तांब्या खाली ठेवून, पाठ ताठ करून म्हणाली, "व्हय. लईदा गेलते." इतक्या वर्षांत चारचौघांत पहिल्यांदा म्हणाली ती हे.

पुढच्या फेरीला मी गाडी पुसत होते, तर माय हिरवं लुगडं नेसून दारात उभी. मला वाटलं, आता पुढं माझ्या शेजारी बसेल. ती सरळ मागं गेली आणि दोघांच्या सीटवर खिडकीशी बसली. एका बाईनं शेजारी टेकायला बघितलं, तर मायनं हात आडवा केला. मला म्हणाली, "मी बी जोडीनंच आलेय. तू चालव."

चालवली, अण्णा. घाटात एकदाही गाडीला हिसका बसू दिला नाही. वर गेल्यावर मी बॉनेट उघडलं आणि ती एकटी चालत त्या दगडापर्यंत गेली, मला काही न विचारता, न सांगता. अर्ध्या दगडावर बसली, अर्धा मोकळा सोडला. पदराच्या गाठीतून शेंगा काढल्या आणि बोटानं खाली काहीतरी दाखवायला लागली.

हे पत्र टाकायला पेटी नाही, ते मला कळतं. दुसऱ्या कुणाला दाखवायचंही नाही. पण एक तुम्हाला सांगते. त्या मोकळ्या अर्ध्या दगडावर मला बसायचं होतं, अण्णा, लई बसायचं होतं. दोनदा गाडीपासून निघाले. मग तुमच्या दोघांच्या मध्ये कशाला, म्हणून परत फिरले.