रिकामा ओटा

४ मार्च
वडीगोद्रीहून टेम्पोने खाणीवर पोचलो. जागा झकास! बंद पडलेली दगडखाण, तिच्या खड्ड्यात हिरवंगार पाणी, काठावर लिंब आणि लिंबाखाली दगडी ओटा. काम सोपं आहे. झाडं, पाखरं, पूजेची ठिकाणं पाहून अहवाल लिहायचा. जपण्याजोगं काही नसेल तर खड्डा मुरूम टाकून बुजवतील. बायकोला, रजनीला फोन केला, पाडव्याच्या आत घरी जालन्याला येतो म्हणून.

६ मार्च
गावचे अप्पाराव आले. उन्हाळ्यात गावाला हेच पाणी, बुजवू नका म्हणाले. मी म्हटलं, तुमचं पाणी माझ्या रकान्यात बसत नाही. देव दाखवा, लगेच नोंदवतो. त्यांचा म्हसोबा त्या ओट्यावरच होता, खाणीच्या सुरुंगात उडाला. मंग नवा आणावा लागंल, म्हणाले. आणा की, म्हटलं, आणि पोट धरून हसलो. अप्पारावही हसले.

८ मार्च
ओट्याइतकी गार जागा दुसरी नाही, तिथेच कागद मांडतो. अप्पारावांच्या भावजय गिरिजाबाई जेवण आणतात. ताट ठेवतात, भोवती पाणी फिरवतात, हात जोडून मागे सरतात. आमच्या घरी हा मान फक्त देव्हाऱ्याला! रजनीने असा मान दिला असता तर आणखी काय हवं होतं. आज दहीभात होता.

११ मार्च
गिरिजाबाईंनी कपाळाला शेंदूर लावला. नाही म्हणून कशाला कुणाला दुखवा? अहवाल मात्र लिहून ठेवला: नोंद घेण्याजोगं काही नाही. अप्पारावांनी तो वाचला, घडी घालून परत दिला. तोंड धुतलं तरी शेंदूर निघत नाही.

१४ मार्च
दुपारी ओट्यावर डोळा लागला. जाग आली तर दोन्ही पायांना शेंदूर फासलेला. पाय उचलेनात. पोटरी दाबली, बोट रुतत नाही. गार, खरबरीत. दगड. अप्पारावांना म्हटलं गाडी बोलवा, अंबडला दवाखान्यात न्या. ते म्हणाले, आता कुठं हलता साहेब? बराबर बसलात.

१५ मार्च
कमरेपर्यंत आलंय. बायका घागरी भरून माझ्यावर पाणी घालतात, नारळ फोडतात. ओरडलो. एकीने लेकराला दाखवलं, बघ, बोलतो. फोन ओट्याखाली पडलाय, वाजतोय — रजनी असेल — हात पुरत नाही.

१७ मार्च
डावा हात गेला. उजव्याला शेंदूर लावला नाही. अहवाल बदलून द्या, मंग सोडतो, म्हणाले अप्पाराव. लिहून दिलं: जागृत देवस्थान, पाणी बुजवू नये. सही केली. त्यांनी कागद घेतला आणि माझ्या तोंडाला शेंदूर —

२० मार्च
ऑफिसातला राधेश्याम आला होता. माझ्याच शेजारच्या टेबलावर बसतो. तो जाईपर्यंत माझा उजवा हात शालीखाली बांधून ठेवला होता. त्याने फोटो काढला. पाया पडला. केशवसाहेब कुठायत विचारलं. अप्पारावांनी सांगितलं, ते तर काम आटपून गेले. मी इथे — राधे, मी इथेच —

२१ मार्च
खड्डा बुजणार नाही. गावात गूळ वाटला.
गिरिजाबाई आता उजव्या हातासाठी आल्यात. शेंदराची वाटी आणलीय. घरी काय लिवायचं ते जल्दी लिवा म्हणाल्या. फोन त्यांनी उचलला होता, रजनीला बोलावलंय. ओट्यावर आणखी जागा आहे म्हणाल्या, देवाला जोडी पाहिजे.
रजनी, येऊ नकोस. आलीस तर त्यांच्या हातचं — ताटाभोवती पाणी — बोटं जड — रजनी, ओट्यावर बसू