आठांची खिडकी, बारांची खिडकी

पौष शुद्ध ९, शके १८६५

हा शेवटचा रोल. परभणीच्या राधाकिशन फोटोवाल्यानं कागदात गुंडाळून हातात दिला अन् म्हणाला, "मास्तर, लढाई संपेस्तोवर दुसरा मागू नका." पोखर्णीपर्यंत बैलगाडीत मांडीवर धरून आणला. कंबर धरली आहे.

आता ठरवायचं. माझ्या घडीच्या कॅमेऱ्यात पत्र्याची एक चौकट आहे. ती बसवून रोल भरला की फोटो चौरस, एका रोलात बारा. काढून ठेवली की लांबट, आठच. एकदा रोल भरला की बदल नाही. पाठीवर दोन लाल काचेच्या खिडक्या — चौरसाला बारांच्या खिडकीत आकडा बघून फिल्म सरकवायची, लांबटाला आठांच्या.

आजवर चौरसच काढत आलो. चौरस म्हणजे अनुष्टुभ. चारी चरण सारखे, कुणी थोरला नाही, कुणी धाकटा नाही. लांबट म्हणजे शार्दूलविक्रीडित — ऐसपैस, पण मध्येच दम खायला थांबावं लागतं. शाळा सुटून वजीफ्यावर, म्हणजे पेन्शनीवर, येऊन नऊ वर्षं झाली, तरी अजून वर्गात उभा असल्यासारखंच सुचतं!

पौष शुद्ध ११

आक्काकडं गेलो. किशन शेतात असतो ती वेळ साधून जातो. आई गेली तेव्हा किशन रांगत होता, मी पाच वर्षांचा. आम्हा दोघा भावांना या थोरल्या बहिणीनंच वाढवलं. नवरा वारल्यावर माहेरी आली, ती किशनकडंच राहते. एक डोळा गेला. दुसऱ्यात मोतीबिंदू, वस्तू नाकाला टेकवली तर दिसते.

म्हणाली, "तू आन किशन एका जागी बसल्याले मला एकडाव बघायचेत. माणसं काय, उठून जातेत. फोटू हातात धरता येतो. डोळा हाय तवर काढ."

म्हणजे चौरसच. चौरसात तीन माणसं मावायची तर गुडघ्याला गुडघा लावावाच लागतो.

पौष वद्य १

अकरा वर्षं. चातुर्मास होता, देवळात किशन पोथी वाचत होता. गोड वाचायचा. सारं गाव बसलेलं. मी मागून म्हणालो, "मात्रा चुकली. परत म्हण." जसं पोराला म्हणावं तसं. त्यानं पोथी फडक्यात बांधली, देवापुढं ठेवली, निघून गेला. तेव्हापासून पोथीला हात नाही अन् माझ्याशी शब्द नाही. दुसऱ्यांशी बोलताना मला 'मास्तर' म्हणतो.

मात्रा खरंच चुकली होती. हे लिहिल्याशिवाय अजूनही राहवत नाही.

पौष वद्य ३

देवळाचा गुरव सटवाजी निरोप घेऊन गेला होता, उत्तर घेऊन आला. किशन म्हणाला, "आक्कासाठी बसतो. मास्तरसंगं न्हाई. येगळा काढा म्हणावं."

सटवाजी पायरीवर बसून तंबाखू मळत म्हणाला, "देवळातला नरसिंव्ह बरा मास्तर, खांबातून भायेर तरी आला. तुमच्या घरचे दोन निघतच न्हाईत."

हसलो.

पौष वद्य ५

देवळाच्या ओवरीत काढले. तिथं ना त्याचं घर, ना माझं.

सकाळी कॅमेऱ्यातली चौकट काढून टाकली, मग रोल भरला. वेगळंच बसायचं तर चौरस कशाला? एक आक्काचा अन् किशनचा, एक आक्काचा अन् माझा.

आक्का मध्ये. किशन आला, तिच्या एका अंगाला हातभर सोडून बसला. सगळा वेळ खांबाकडं बघत होता. मी खटका दाबला. तो उठून चपला घालून गेला. फिल्म सरकवली. त्याच्या उबेच्या जागी मी कसा बसणार? आक्काच्या दुसऱ्या अंगाला बसलो. आमच्या मंडळींनी, दगडाबाईंनी, तिपाईवरचा कॅमेरा माझ्याकडं वळवून खटका दाबला. "हासा की जरा. गणित तपासायलाव का?" म्हणाल्या.

आक्का म्हणाली, "दोघं आले का रे एकात?"

"नाही आक्का. दोन हायेत."

तिच्या हातातली जपमाळ थांबली.

पौष वद्य ६

चूक झाली. आक्काचा एकटीचा घ्यावा म्हणून कॅमेरा उचलला अन् लक्षात आलं — चौकट काढली, पण काल बघितली बारांचीच खिडकी! सवय. फिल्म सरकायची त्याहून कमी सरकली. दुसरा फोटो पहिल्याच्या अंगावर चढला. दोन्ही गेले.

जन्मभर दुसऱ्यांच्या मात्रा मोजल्या.

पुढचे काढलेच नाहीत. रोल गुंडाळून सटवाजीच्या हाती परभणीला पाठवला.

पौष वद्य ११

थंडी. काही नाही.

माघ शुद्ध ८

पाकीट आलं. राधाकिशनची चिठ्ठी : "मास्तर, कुठं कापावं कळेना. आहे तसा एकच लांब छापला."

एका टोकाला किशन. दुसऱ्या टोकाला मी. मध्ये आक्का, दोनदा — एकीवर एक, विहिरीच्या पाण्यात हलावी तशी. तिच्या लुगड्यावर त्याचा गुडघा अन् माझा गुडघा एकाच जागी आलेत. कुठला कुणाचा सांगता येत नाही.

हा फोटो खोटा आहे. असे आम्ही बसलो नव्हतो. तिला द्यावा का? दगडाबाई म्हणाल्या, "तिला भाऊ बघायचेत. तुमच्या खिडक्या न्हाई."

माघ शुद्ध ९

संध्याकाळी गेलो. किशन घरात होता तरी गेलो. आक्कानं फोटो नाकाला लावला, टोकापासून टोकापर्यंत हळूहळू सरकवला. "बसले," एवढंच म्हणाली. किशननं तिच्या हातून घेतला. बराच वेळ बघितला.

"दादा, चुकलाय हा."

"चुकला," मी म्हणालो.

त्यानं पाट सरकवून दिला. बसलो. ओसरी अरुंद आहे, गुडघा लागला.