भयमुक्त विभाग

३ जून
नेतृत्वाचं दोन दिवसांचं शिबिर संपलं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, माणूस घाबरला की मेंदू शिकायचं थांबवतो. जिथे लोक आपल्या चुका बोलून दाखवतात, तिथेच काम सुधारतं. यात नवीन काय? रक्त-तपासणी विभागाची मी सध्या प्रभारी प्रमुख. महिनाअखेर मुख्य डॉक्टर मला कायम करायचं की नाही ते ठरवतील. निश्चय : उद्यापासून भयमुक्त विभाग.

४ जून
सगळ्यांना उभं करून सांगितलं, इथून पुढे मला कोणी घाबरायचं नाही. जो घाबरेल त्याची गय होणार नाही. कोणी काही विचारलं नाही. म्हणजे पटलं.

६ जून, सकाळी ८
वॉर्डात रक्त घेतलं की तिथेच खाटेपाशी नळीवर नाव चिकटवायचं, ही इथली जुनी पद्धत. वेळखाऊ. हुकूम काढला : नावं आदल्या संध्याकाळी चिकटवून नळ्या खाटांच्या क्रमाने लावून ठेवा. ज्येष्ठ टेक्निशियनने (मनात मी तिला घुमी म्हणते) तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, बोला, अगदी मोकळेपणाने, फक्त लवकर आटपा. म्हणाली, काही नाही मॅडम.

११ जून
पहिली चूक-सभा. नव्या टेक्निशियनने, उंचाड्याने, काल एक काचपट्टी फोडल्याचं आपणहून सांगितलं. त्याचं कौतुक केलं. लेखी खुलासा मागवला.

१८ जून
दुसरी चूक-सभा. चुका शून्य! डॉक्टरांना कळवलं. मात्र वॉर्डातल्या कामाला वेळ पूर्वीइतकाच लागतोय. शुद्ध आळस. उद्या स्वतः करून दाखवते.

१९ जून, दुपारी
चौदा रुग्ण, बावीस मिनिटं. घुमीचं मागून मॅडम, मॅडम चाललं होतं. म्हटलं, मधे मधे करू नका, बघा आणि शिका.

२१ जून
रक्ताच्या रिपोर्टवरून एका ठणठणीत आजोबांना अतिदक्षता विभागात हलवलं, आणि ज्यांना हलवायला हवं होतं ते वॉर्डातच पडून राहिले. थोडक्यात वाचले. दोघांनी वाऱ्यासाठी १८ च्या रात्री खाटा बदलल्या होत्या म्हणे. रुग्णांना शिस्त म्हणून नाही.

२४ जून
चौकशी. कळलं ते असं : माझा हुकूम निघाल्यापासून घुमी आणि मंडळी रोज सकाळी नळ्यांवरच्या नावाच्या पट्ट्या सोलून काढत, खाटेपाशी नाव विचारून नव्या चिकटवत. सोललेल्या पट्ट्या उंचाड्याच्या खिशात. नळ्या जशाच्या तशा वापरल्या फक्त मी, १९ तारखेला.
डॉक्टरांनी विचारलं, मॅडमना सांगितलं का नाही? उंचाडा म्हणाला, सर, आम्हाला पेशंटही सांभाळायचे होते आणि नोकरीही.
मी म्हटलं, एका शब्दाने बोलला असतात तर मी ऐकलंच असतं.

२९ जून
घुमी प्रमुख. मी नोंदणीच्या टेबलावर. डॉक्टरांना समजावलं की खरा दोष लपवाछपवीचा. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि दुसऱ्याच कामासाठी फोन उचलला.

१ जुलै, संध्याकाळी
घुमी म्हणाली, ताई, दमला असाल, निघा आज लवकर. दार ओढून घेतलं. चार पावलं गेले नाही तोच आतून उंचाडा ओरडला, अहो, मी दोन अर्ज उलटे लावलेत, या कोणीतरी! झाला का परत तुझा गोंधळ, असं कोणी म्हणालं आणि सगळे हसले. घुमी सर्वांत मोठ्याने.
तिला हसता येतं हे मला अकरा वर्षांत ठाऊक नव्हतं.