रनादचं कार्ड

उम्म रनाद,

हे पत्र दप्तरातून पाठवलं तर आधी रनादचे बाबाच उघडतील, म्हणून ते माझ्याकडेच राहील.

तुमच्या लेकीचा राग आवरावा म्हणून शाळेतलं कार्ड मीच सुरू केलं. शांत दिवसाला हिरवा तारा, आदळआपटीला लाल फुली, खाली रोज वडिलांची सही. तुम्ही फाटकाशी म्हणालात, "सौसनबाई, सही मी करते ना. यांच्यापर्यंत नका जाऊ देऊ." मी म्हटलं, "नियम आहे हो, वडिलांचीच लागते."

महिन्याभरात फुल्या थांबल्या. मुख्याध्यापिकांनी माझ्या नावाने गोड कुनाफा वाटला, मी खाल्ला.

आज रनादची बाही वर सरकली. वळ दिसले. तिने बाही ओढून घेत विचारलं, "मिस, मी रडले नाही. तारा मिळेल ना?"

मी चिकटवला.

तिची समुपदेशक म्हणवणारी,
सौसन