शंभरातले एकशे चार

प्रिय मास्तरीणबाई,

दोन वर्षांनी माझं अक्षर बघून तू आधी पाकीट उलटंपालटं करशील आणि मग म्हणशील, हिला आत्ता कुठला उमाळा आला! उमाळा नाही गं. एका प्रश्नाने चार दिवस माझं डोकं खाल्लंय आणि तो मांडावा असं तुझ्याशिवाय दुसरं माणूस नाही. फोन तू उचलत नाहीस. कंपनीतल्या कुणाचाच उचलत नाहीस, आणि का उचलावास? प्रकाश गाळणारे बेचाळीस फिल्टर ग्राहकाकडून परत आले, तपासणीच्या कागदांवर सही तुझी होती, आणि तुझी सतरा वर्षांची नोकरी एका दुपारी संपली. इथे अजूनही नव्या लोकांना निष्काळजीपणाचं उदाहरण द्यायचं झालं की तुझंच नाव काढतात. मी मान खाली घालून ऐकते.

आपली खोली आहे तशीच आहे. एसी अजून हाडं गोठवतो, आणि स्पेक्ट्रम अनलायझर, तुझा लाडका म्हातारा, त्याच टेबलावर ठाण मांडून बसलाय. सकाळी अर्धा तास तापल्याशिवाय त्याचा भरवसा धरायचा नाही, हे तूच शिकवलंस. फायबरमधून येणारा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश तो सुटा सुटा करून पडद्यावर त्याची रेघ काढतो, असं तू पहिल्या दिवशी सांगितलंस तेव्हा मी विचारलं होतं, दिसतच नाही तर सुटा कसा करतो? तू पोट धरून हसलीस आणि म्हणालीस, ही टिकणार. त्या एका वाक्यावर मी सहा महिने काढले.

तर मंगळवारी मला जुनी कपाटं रिकामी करायला लावली. रद्दीत टाकायच्या कागदांत त्याच फिल्टरांची फाइल निघाली. बघायला नको होतं, पण माझी खोड तुला माहीत आहे. एकतीस नंबरच्या कागदावर मी अडकले. आपण आधी फिल्टर न लावता नुसता प्रकाश मोजतो, तो रेफरन्स. मग फिल्टर लावून मोजतो आणि यंत्र वजाबाकी करतं. फिल्टर थोडा तरी प्रकाश खातोच, म्हणून रेघ नेहमी शून्याच्या खाली. एकतीसची रेघ शून्याच्या वर होती! शंभर भाग आत गेले आणि एकशे चार बाहेर आले. अगं, काचेचा इवलासा तुकडा, ना वीज ना बॅटरी, जास्तीचे चार आणले कुठून? त्या दिवशी साठ नग होते, यंत्र 'पास' छापत सुटलं होतं, म्हणून तुझ्याही नजरेतून ते निसटलं असावं.

मला काही राहवेना. परत आलेल्या मालाच्या खोक्यातून एकतीस नंबर शोधून काढला आणि पुन्हा मोजला. नवी रेघ जुनीवर ठेवून बघितली, तर चढ तोच, उतार तोच, बारीक खाचसुद्धा त्याच जागी. फक्त जुनी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखीच वर उचललेली. मोजताना फिल्टरमध्येच बिघाड असता तर एखाद्या ठिकाणी फरक दिसला असता. सगळी रेघ उचलली जाते म्हणजे रेफरन्सच कमी भरलाय. म्हाताऱ्याच्या पोटात तो रेफरन्स अजून आहे. वेळ, सकाळी आठ दहा.

आठ दहा! मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. त्या आठवड्यात तू आईला फिजिओथेरपीला सोडून नऊला यायचीस. खोली मी उघडायचे. तू आल्या आल्या मी सांगितलं होतं, रेफरन्स घेतलाय, फायबरच्या टोकाचा कनेक्टर पुसूनच घेतलाय, तू सुरू कर. मी पुसला नव्हता. घाईत होते, कसल्या ते आठवतही नाही. आणि तू, दुसऱ्याने पुसलेलंसुद्धा पुन्हा पुसणारी, सवयीने पुसून मोकळी झालीस. घाण गेली, प्रकाश वाढला, आणि माझ्या कमी भरलेल्या रेफरन्सपुढे प्रत्येक फिल्टर होता त्यापेक्षा चांगला दिसला.

मग कपाटातून तुझी नोंदवही काढली. तुझ्या अक्षरात लिहिलंय, 'रेफरन्स ८.१०', पुढे माझं नाव. त्यावर एक आडवी रेघ, शेजारी 'मी घेतला.' आपला नियम, खोडलं की सही आणि तारीख टाकायची. तू ती इमानाने टाकलीस. तारीख चौकशीच्या दिवसाची आहे.

म्हणजे तुला ठाऊक होतं. माझी नोकरी पक्की व्हायला अकरा दिवस उरले होते, घरी नवरा पाठीच्या ऑपरेशनने आडवा झालेला. आणि मी मात्र दोन वर्षं समजत राहिले की एवढ्या मोठ्या बाईचाही हात चुकला. तिथेच खुर्चीत बसून रडले. मग तुझा भयंकर रागही आला, खोटं कशाला सांगू? मला न विचारता माझी चूक स्वतःच्या अंगावर घ्यायला तुला कोणी सांगितलं होतं?

काल मी सगळं साहेबांना लिहून दिलं. दोन्ही रेघा जोडल्या, वहीचं पान जोडलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि याचा परिणाम काय होईल हे कळतंय ना, असं मला विचारलं. कळतंय म्हटलं. नवऱ्यालाही सांगून झालंय. तो आता धडधाकट आहे, आमचं निभेल. सोमवारी अकराला साहेब तुला फोन करतील, मी समोर असेन. रेफरन्स कोणी घेतला एवढंच ते विचारणार आहेत, आणि तुझ्या उत्तराशिवाय ते पुढचं काही करणार नाहीत. मी तुला ओळखते, तू पुन्हा 'मी' म्हणशील. त्यासाठीच हे पत्र. एवढा एक फोन उचल आणि माझं नाव घे.

तुझीच,
बाजूच्या टेबलावरची