एका मित्राची छाती आणि माझे जोडतारे

नांदेड, रविवार

आदरणीय मामा,

सप्रेम जय भीम. इकडे मी मजेत. तुमची तब्येत ठणठणीत आहे असं तुम्हीच फोनवर खोकत खोकत सांगितलंत, तेव्हा विचारायचं कारण उरलं नाही. पुढचं विचारलं की तुमची रेंज जाते, म्हणून हे पत्र.

मुखेडच्या बाजारात माझी पदवी परस्पर जाहीर केल्याबद्दल आभार. (विद्यापीठाला अजून दोन वर्षं लागणार होती.) काय शिकतेस म्हणालात, मी म्हणाले, जोडताऱ्यांच्या एक्स-रेमधला चढउतार बघते. त्यातले तारे तुम्ही वाटेत गाळलेत आणि सांगत सुटलात, "आमची समी एक्स-रेची डॉक्टर झाली, चढउतार बघून राहिली." मग एक्स-रेवाले आलेच, बीपीवालेही आले. तुमच्या शेजारच्या सरजाबाई गुडघ्याची फिल्म घेऊन थेट होस्टेलवर आल्या. मी ती खिडकीकडे धरून बराच वेळ बघितली, कारण त्या मुक्कामाची पिशवी घेऊन आल्या होत्या.

माझे पेशंट वेगळे आहेत. दोन तारे एकमेकांभोवती फिरतात. एक मेलेला, छोटा, पण भयंकर वजनदार; दुसरा हलका, बिचारा. मेलेला जिवंताच्या अंगावरचं ओढून घेतो (आपल्या भावकीत हे समजावायला वेळ लागणार नाही), ते तापतं आणि त्यातून एक्स-रे निघतात. कधी भडकतात, कधी मंदावतात, कधी वर्षानुवर्षं गप्प. असं का, ते मी शोधते आहे. त्या ताऱ्याला श्वास रोखा म्हणावं लागत नाही, आणि तोही मला 'सगळं ठीक' असं लिहून मागत नाही.

ते तुम्ही मागितलंत. गावातल्यांच्या फिल्मचा जो गठ्ठा तुम्ही एसटीने पाठवलात, त्यात एक पाकीट होतं: 'एक मित्र, वय ५८, महिनाभर खोकला. काही नाही असं लिहून दे, म्हणजे बायकोची कटकट मिटेल.' मामा, छातीतलं मला काडीचं कळत नाही.

बाकीच्या फिल्म या पत्रासोबत आजच्याच एसटीने परत पाठवते आहे. मामीला जय भीम.

तुमची (एक्स-रेची डॉक्टर)
समीक्षा

ता. क. पाकिटावरचं अक्षर तुमचं, वयही तुमचं. मित्र तेवढा सापडत नाही.

ता. क. २. ती फिल्म मी खऱ्या डॉक्टरांना दाखवली. फुप्फुसावर डाग आहे. बहुतेक औषधाने जाईल, पण पेशंटला लगेच आणा म्हणाले. उद्या सकाळच्या गाडीने या, मी स्टँडवर उभी आहे.

ता. क. ३. मला भीती वाटते, मामा. तारा गप्प झाला तर मी दहा वर्षं थांबेन. तुमच्यासाठी एका गाडीपेक्षा जास्त थांबणार नाही. नाही उतरलात तर मामीला फोन करीन, आणि तिची रेंज कधीच जात नाही.